मागचं ऑइल कोण बदलणार?



इंजिन ऑइल बदलायचं आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण ट्रॅक्टरच्या मागच्या चेंबरचं, म्हणजे गिअर, डिफरन्शियल अन् लिफ्टचं ऑइल शेवटचं कधी बदललं असं विचारा. दहातले आठजण म्हणतील, "कमी झालं की वरून टाकतो ना." माझं स्पष्ट मत आहे, वरून टाकणं म्हणजे बदलणं नव्हे. आणि हे काम वॉरंटी संपलेल्या ट्रॅक्टरवर मालकानं स्वतः घरी करावं.

टाळण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे: खर्च. इंजिनात सात-आठ लिटरात भागतं, मागं बहुतेक मॉडेलात तीस लिटरच्या पुढं लागतं. पण तेच एक ऑइल गिअरला वंगण देतं, लिफ्ट उचलतं आणि ऑइलमधले ब्रेक असतील तर तेही थंड ठेवतं. आपल्या काळ्या रानात वाफसा मोजून तीन-चार दिवस टिकतो. त्याच दिवसांत रोटाव्हेटर उचलेना झाला, तर पेरणीचा गेलेला दिवस कुठल्याच बिलात दिसत नाही.

घरी केल्याचा खरा फायदा मजुरी वाचण्याचा नाही, आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसण्याचा आहे. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय: गिअर लिव्हरचं रबर फाटलंय का, ब्रीदर शाबूत आहे का, धुताना पंपाचा फवारा थेट तिथं मारता का ते बघा. चुंबकाला बारीक भुकटी चालते. चकाकणारे तुकडे निघाले तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय ट्रॅक्टर रानात नेऊ नका.

पद्धत अशी. ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, कढत नको. सपाट जागी लावा, लिफ्ट खाली सोडा, इंजिन बंद, चावी खिशात, चाकांना दगड. ड्रेन प्लग एकापेक्षा जास्त असतात, सगळे उघडा. निदान अर्धा तास निथळू द्या. चाळणी डिझेलनं धुऊन वाळवा, फिल्टर नवा, वॉशर नवं. भरल्यावर इंजिन सुरू करून लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करा, बंद करून पट्टीवर पुन्हा लेव्हल बघा. फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या एक्सलचं ऑइल वेगळं असतं, ते विसरू नका.

ऑइल कोणतं? दुकानदार देईल ते नव्हे, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते. ऑइलमधल्या ब्रेकांना साधं नव्वद नंबरचं गिअर ऑइल टाकलं तर ब्रेक करकरतात, धरत नाहीत. तासही मॅन्युअलमधलेच पाळा. बऱ्याच मॉडेलांना हजाराच्या आसपास असतात, नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल त्याच्या कितीतरी आधी. वॉरंटी चालू असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरलाच करा, पावती जपून ठेवा.

आता निघालेलं ऑइल. आपल्याकडं ते बांधावर ओततात, वाळवी लागू नये म्हणून मेढींना फासतात, कुणी तर गोचिडासाठी जनावरांना लावतं. हे बंद झालंच पाहिजे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक यादीत आहे. ज्या विहिरीवर मोसंबी जगवतो, तिच्या उशाला ते ओतायचं का? डब्यात भरा, झाकण लावा, अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या. एकट्याच्या तीस लिटरसाठी गाडी येणार नाही, म्हणून गावानं एक ड्रम ठेवावा. गटांनी खत-बियाणं एकत्र आणायला सुरुवात केलीच आहे, हे त्याहून सोपं आहे.

रब्बीच्या पेरणीआधी तासांचा आकडा बघा अन् चेंबरवर रंगानं लिहून टाका: कधी बदललं, किती तासाला. पुढच्या वेळी कुणाला विचारायची गरज पडणार नाही.