गाडीखालचा डाग

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात म्हसवडच्या एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "सासऱ्यांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी दारात उभी आहे. खाली कधी तेलाचा, कधी पाण्याचा ठिपका पडतो. आमचे मालक म्हणतात, भंगारात घालू. सासूबाई काही बोलत नाहीत, पण रोज सकाळी गाडीवरून फडके फिरवतात. काय करावे?"

पत्र वाचून मला वाटले, याचे उत्तर सगळ्यांसाठीच लिहावे. गाडी म्हणजे पुरुषांचे खाते असे आपण म्हणतो. पण सडा घालताना तो डाग पहिल्यांदा दिसतो कुणाला? आपल्यालाच ना!

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळ इटलीची फियाट, इंजिन १०८९ सी.सी.चे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. म्हणजे आता जी दारात आहे ती जपायची, नवी काही मिळायची नाही. आणि इतक्या वयाच्या गाडीला थोडे गळणे चुकत नाही. कुकरची रिंग कडक झाली की वाफ सुटते, तसेच इंजिनाच्या जोडांतले बुचाचे आणि रबराचे पॅकिंग वाळते. त्यासाठी कुणी कुकर मोडीत घालत नाही!

आधी डाग ओळखा. रात्री गाडी सपाट जागी लावून खाली जुना पुठ्ठा सरकवा. पुढची बाजू कोणती, ते पुठ्ठ्यावर लिहा. सकाळी बघा. काळा-तपकिरी, बुळबुळीत डाग असेल तर इंजिन ऑईल. हिरवट किंवा गंजक्या रंगाचे पाणी असेल तर रेडिएटरचे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा ब्रेकच्या डबीतले तेल कमी झाले, तर गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा. पेट्रोलचा वास आला तर जवळपास काडीसुद्धा ओढायची नाही.

ऑईलची गळती. ऑईल वर एका जागी सुटते आणि ओघळत भलतीकडेच ठिपकते. म्हणून इंजिन थंड असताना जुन्या टूथब्रशने, थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने ती बाजू स्वच्छ करा आणि पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. मग तोंडाला लावायची पांढरी पावडर तिथे भुरभुरा. एक फेरी मारून आणा आणि इंजिन बंद करून पहा. पावडरीवर ओघळ स्पष्ट उमटतो. सगळ्यात वरचा ओला ठिपका तोच गुन्हेगार.

बहुतेक वेळा तो टॅपेट कव्हरच्या कडेला सापडतो. तिथले बोल्ट पान्याने एकेक करून, थोडे थोडे, सारखे आवळावेत. जोर लावू नये. बुचाचे पॅकिंग जास्त आवळले की पिळवटून बाहेर येते आणि गळती दुप्पट होते. पॅकिंग तुकडे पडण्याइतके वाळले असेल तर नवे बसवून घ्या. हे काम लहान आहे. दुसरी जागा म्हणजे खालच्या चेंबरचा ऑईल सोडायचा बोल्ट. त्याचा वायसर प्रत्येक ऑईल बदलताना नवा घाला. गाडीखाली शिरायचे ते मात्र मेकॅनिकने. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली घरातल्या कुणालाही जाऊ देऊ नका.

दर आठवड्याला सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, ऑईलची पट्टी काढून पुसा, परत घालून पातळी पहा. दोन खुणांच्या मध्ये असली की चिंता नको. ऑईल भरायच्या झाकणाखाली आणि पट्टीवर सायीसारखे पांढरट काही दिसले, तर पाणी ऑईलमध्ये मिसळत असण्याचा संभव आहे. मग घरचे उपाय पुरे, गॅरेजच गाठा.

पाण्याची गळती. रेडिएटरचे रबरी पाइप थंड असताना हाताने दाबून पहा. चिरा दिसल्या, फुगलेले किंवा लिबलिबीत लागले तर बदला. नुसती क्लिप सैल असेल तर स्क्रू ड्रायव्हरने आवळली की काम झाले. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिपकत असेल तर आतले सील गेले. आवळून उपयोग नाही. रेडिएटरच्या जाळीतली बारीक गळती रेडिएटरवाला डाख देऊन बंद करतो.

पुष्कळ ड्रायव्हर रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकतात. बारीक भोक तिने तात्पुरते बुजते, हे खरे. पण वाटेत अडकलात तर गावापर्यंत पोचण्यापुरतेच ते. घरी आल्यावर रेडिएटर धुऊन घ्यावा, नाहीतर तीच हळद बारीक नळ्यांत बसते.

आपल्या माणदेशात आणखी एक अडचण. बोअरचे पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढतो ना, तोच थर रेडिएटरच्या आत चढतो आणि इंजिन तापू लागते. म्हणून बोअरचे पाणी घालू नका. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला. तयार मिसळलेला कूलंट आणला तर त्यात पाणी नको; डब्यावरचे वाचून घ्या.

आता दोन गोष्टी, आणि या विसरायच्या नाहीत. हिरवा कूलंट चवीला गोड लागतो, पण तो विष आहे. अंगणात सांडला तर लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा. लेकरे, कुत्री-मांजरे तिथे फिरकू देऊ नका. डबा कुलपात ठेवा, रिकाम्या सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका. कुणाच्या पोटात गेलाच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट सांगताना माझा मलाच राग येतो. चैत्रातल्या यात्रेला आम्ही शिखर शिंगणापूरला निघालो होतो. घाटात गाडी तापली, काटा लाल खुणेला टेकला. मागची माणसे हॉर्न देत होती. "थांबा, मी बघते," म्हणून मी पदर हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. शिट्टी वाजत असताना कुकर उघडणारी बाई मी नव्हे, पण तिथे मला ते सुचले नाही. आतले पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांवरही ते उकळत नाही. झाकण सुटताच त्याची वाफ होऊन उसळते. मनगटावरचा डाग अजून आहे. तेव्हा गाडी तापली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि वरचा पाइप हाताला पुरता गार लागेपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास गेला तरी जाऊ द्या. शंभू महादेव कुठे जात नाहीत! गरम इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका, इंजिनाला तडा जाऊ शकतो.

काढलेले जुने ऑईल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या. आपल्याकडे पाणी मोजून मिळते, तेच नासले तर काय?

म्हसवडच्या भगिनीला माझे सांगणे एवढेच: भंगारवाल्याला निरोप जाण्याआधी एक रात्र पुठ्ठा घाला. सकाळी तो पुठ्ठा मालकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. गळती पॅकिंगची किंवा क्लिपची निघाली, तर खर्च थोडा आहे. आणि रविवारी गाडी सुरू होईल, तेव्हा पुढच्या सीटवर सासूबाईंना बसवा. त्या काही बोलल्या, तर मला जरूर कळवा.