उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या माणसांविषयी समाजाला जे ज्ञान असते, त्याचा बराचसा भाग रुग्णालयांतून आलेला असतो. जो रुग्ण दारी येतो त्याची नोंद होते. जो येत नाही तो शास्त्राच्या दृष्टीस पडत नाही. ह्यामुळे केवढी गफलत होऊ शकते, हे अमेरिकेतील दोन पाहण्यांवरून स्पष्ट होते.

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली व्यसनाधीनांसाठी सरकारी रुग्णालय उघडण्यात आले. तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या रुग्णांची पाहणी १९६२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण पुन्हा व्यसनाकडे वळले होते. हेरॉइन एकदा जडले की सुटत नाही, ह्या समजुतीस अशा आकड्यांनी बळकटी आली. पुढे १९७१ साली व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स ह्या विदुषींनी मागोवा घेतला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. तेथे अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनात सापडलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. आणि बहुतेकांनी कोणताही उपचार घेतलेला नव्हता.

ह्याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहेत, असा मुळीच नव्हे. उपचारगृहाची पायरी बहुधा तेच चढतात, ज्यांचे व्यसन जुने आणि बिकट झालेले असते. बरे होऊन ते त्याच वस्तीत, त्याच संगतीत परततात. सैनिकांची ती परिस्थिती समुद्रापार राहिली होती. हे दोन समूहच भिन्न असल्यामुळे एकाच्या आकड्यांवरून दुसऱ्याची परीक्षा करणे न्याय्य नाही.

उलट, ज्यांना उपचारांची निकड आहे, त्यांच्या बाबतीत हा उंबरठा जीवनमरणाचा ठरतो. अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार मेथाडोनचा उपचार चालू असताना दर हजारी वर्षाला सुमारे ११ मृत्यू घडले, तर तो सुटल्यानंतरच्या काळात सुमारे ३६.

भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे बेकायदेशीर मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या वीस जणांमागे एकालाच कधी काळी रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. उरलेल्या एकोणिसांत स्वबळावर सावरणारे असतील, तसेच लज्जेने, दारिद्र्याने वा पोलिसांच्या धाकाने अडलेलेही असतील. ठरावीक मर्यादेत, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात आहे. परंतु ती ज्याच्या कानी गेलीच नाही, त्याला तिचा काय लाभ?

म्हणून व्यसनाची मोजदाद रुग्णालयाच्या दाराशी थांबता कामा नये. व्यसनी म्हणजे असाध्य, हा शिक्का पुसला गेला पाहिजे. आणि ज्याला औषधाची गरज आहे, त्याच्या वस्तीपर्यंत औषध चालत गेले पाहिजे. जो दारी आला नाही, त्याला गरजच नव्हती, असे मानणे शास्त्रालाही शोभत नाही आणि माणुसकीलाही नाही.