शुद्धता आणि प्रमाण

‘भेसळ’ हा शब्द कानी पडताच आपण नाक मुरडतो. परंतु पदार्थविज्ञानात प्रत्येक मिश्रण दोषास्पदच असते, असे आम्हांस वाटत नाही.

हिरा व ग्रॅफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे होत. यंत्रांच्या भागांवर चढविण्यात येणाऱ्या हिरासदृश कार्बनच्या पातळ थरात दोहोंचे अणुबंध एकत्र नांदतात. हा थर कठीण खरा. पण अंतर्गत ताणामुळे तो जाड होताच सुटू लागतो. त्यात टायटॅनियम वा टंगस्टन किंचित मिसळले, तर कार्बाइडचे सूक्ष्म कण बनून ताण ओसरतो. धातू फार झाला, तर मात्र ग्रॅफाइटसारखे बंध वाढून कठीणपणा बहुधा घटतो.

कार्बन व धातू यांचे हेच नाते आपल्या परिसरातील पोलादातही दिसते. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या निर्मलच्या आसपासच्या लोहापासून कोनासमुद्रम येथे मुशीत पोलाद होत असे. इराणी व्यापारी ते नेत. अशा पोलादाच्या तलवारींवरील लहरींना शेकडा ०.०१ हूनही कमी व्हॅनेडियम पुरते, हे व्हरहोवेन व पेंड्रे यांनी १९९८ साली मांडले. कारागिरांपाशी कसब होते; हा अंश मोजण्याचे साधन नव्हते. म्हणूनच लोपलेली कला पुन्हा साधण्यास शास्त्रज्ञांना दीर्घकाळ खपावे लागले.

तेव्हा पूर्वजांच्या पोलादाचा नुसता अभिमान पुरेसा नव्हे. प्रयोगशाळेत तराजू हाती धरणाऱ्या विद्यार्थ्याने कणभर अंशाचीही नोंद ठेवावी. शुद्धतेच्या आग्रहाहून प्रमाणाची जाण मोठी, असे आमचे मत आहे.