पिवळ्या टॅबचं सोवळं

हायकू नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ऐकली नसेल तर काही बिघडत नाही. ज्यांनी ऐकली आहे ते मोजकेच. पण भांडतात असे, की जत्रा भरलीय असं वाटावं. वाद जुनाच आहे: लिनक्सवरचे तयार प्रोग्रॅम पोर्ट करून इथे आणायचे की नाही? शुद्धिवादी गरजतात, नाही! स्वत्व बाटेल.

बरं, हे स्वत्व आलं कुठून? बी कंपनीच्या बीओएसमधून. २००१ मध्ये कंपनीचा बाजार उठला आणि पाम कंपनीने तिचा ऐवज १.१ कोटी डॉलरला उचलला. मग हौशी मंडळींनी तीच सिस्टिम मुळापासून पुन्हा लिहायला घेतली. पहिला बीटा आला २०१८ मध्ये. घाई कुणालाच नव्हती.

आता जरा सोवळं तपासू. हायकूचा 'नेटिव्ह' ब्राउझर वेबपॉझिटिव्ह. आत इंजिन कुणाचं? वेबकिट, म्हणजे अ‍ॅपलच्या घरचं. आणि अ‍ॅपलने ते उभारलं केडीईच्या केएचटीएमएलवर. म्हणजे फिरून लिनक्सवाल्यांचंच! नेटवर्कचे कितीतरी ड्रायव्हर फ्रीबीएसडीचे. टर्मिनलमध्ये बॅश, आणि तो तर बीओएसमध्येही होता. थोडक्यात, बाटायला वाव फक्त खिडकीच्या पिवळ्या टॅबला उरतो. तेवढ्यासाठी हा धर्मसंग्राम?

खरं वैशिष्ट्य निराळंच आहे, आणि ते अफलातून आहे. इथली फाइल सिस्टिम फाइलला हवे ते गुणधर्म चिकटवू देते आणि त्यांवर शोध घेते. प्रत्येक ई-मेल ही एक साधी फाइल. पाठवणारा, विषय, सगळं तिच्या अंगावरच लिहिलेलं. एकदा शोध लावला की नवी पत्रं आपसूक त्यात येऊन पडतात. पोर्ट केलेल्या प्रोग्रॅमला यातलं ओ की ठो कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. मग ते शिकवणारा कोड लिहा ना! छे, त्यापेक्षा निषेध सोपा.

मग शुद्धिवाद्यांचा हुकमी पत्ता पडतो: पोर्टांमुळे मेलेली ओएस/२. आयबीएमने १९९२ मध्ये तिच्यावर विंडोजचे प्रोग्रॅम इतके झकास चालवून दाखवले, की तिच्यासाठी वेगळं लिहायची गरजच कुणाला वाटेना. खरं आहे. पण बीओएसचं काय? तिच्याकडे गोबी प्रॉडक्टिव्ह हे अस्सल घरचं ऑफिस होतं. तरी मेलीच की! संगणक बनवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने बीओएस बसवू दिली नाही, असा बीचा दावा होता. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष कबूल न करता २ कोटी ३२.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. पामने मोजलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त! बीचं सगळ्यात किफायतशीर उत्पादन म्हणजे हा खटला.

नेटिव्ह ऑफिस हवंय? एपीआय उघडा आहे, सी-प्लस-प्लसला कुणी कुलूप घातलेलं नाही. बसा लिहायला. मला मात्र आज संध्याकाळपर्यंत एक एक्सेल फाइल भरून पाठवायची आहे, आणि ती मी पोर्ट केलेल्या लिबरऑफिसमध्येच उघडणार. विटाळ झालाच तर शिंतोडे तुम्ही उडवा.