उकर्डा
जुन्या हजेरीपटात 'उकर्डा' हे नाव दिसले, की आमचे पुणेकर पाहुणे हटकून हसतात. वऱ्हाडात आजोबांच्या पिढीत ते सर्रास ऐकू येई. उकर्डा म्हणजे उकिरडा. पाठोपाठ मुले दगावली, की नवे बाळ क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे, उचलून आणायचे अन् तेच नाव ठेवायचे. टाकलेल्या वस्तूकडे मृत्यू कशाला बघेल, हा त्यातला भाबडा डाव! दगडू, केरू, धोंडू याच गोतावळ्यातले. (धोंडो केशव कर्वे १९५८ साली भारतरत्न झाले, तेव्हा नावातला धोंडा कुणाला खुपला नाही.)

'नकुसा'ला मात्र या पंक्तीत बसवू नये. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक मुलींची ती नावे बदलली, ते योग्यच झाले. तिथे मूल खरोखरच नको होते. इथे जिवापाड हवे, म्हणून तोंडाने नको म्हणायचे.

असाच एक उकर्डा नाव बदलण्याचा अर्ज माझ्याकडून तपासून घ्यायला आला होता.

"पोट्टे हासतात, सर."

"तुझ्याआधी किती?"

"तिघं गेले."

अर्जातले ऱ्हस्वदीर्घ मी नीट करून दिले. आता कागदोपत्री तो उमेश आहे; आई मात्र उकर्डाच म्हणते.