पेण-रोह्यात नुसता ‘स्पीड’ पुरणार नाही, तुटलेलं अपलोड पुढे चालू व्हायला हवं

पेण : हमरापूरच्या कारखान्यातून गणेशमूर्तींचे व्हिडिओ व्यापाऱ्याला पाठवायचे असोत की रोह्यातून जमिनीचे मोठे नकाशे, गाडी अडते ती अपलोडला. २ जीबीची फाइल २ एमबीपीएसच्या लाइनवर जायला सव्वादोन तास लागतात. शेवटच्या दहा मिनिटांत लाईट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, तर वेळही गेला आणि डेटाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ हा मोफत प्रोग्रॅम आणला. तो दोन्ही कॉम्प्युटरवरच्या फाइली ताडून बघतो आणि फरक असेल तेवढाच पाठवतो. हजार फोटोंत दहा नवे टाकले, तर दहाच जातात. तशी सेटिंग ठेवली, तर अर्धवट गेलेली फाइलही वाया जात नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच आज भारतनेट म्हणतात. पण वायर गावात आली म्हणजे काम झालं, असं नाही. कागदपत्रं मागणाऱ्या प्रत्येक सरकारी पोर्टलवर ‘तुटलं तिथून पुढे’ ही सोय हवी. गावकऱ्यांनी ग्रामसभेत स्पीडसोबत हीसुद्धा मागणी लावून धरायला हवी.