पान कष्टकऱ्यांचे, बंदी सरकारची

1511 साली मक्केत कॉफीवर बंदी आली. खैर बेग नावाचा मम्लुक अंमलदार तिथल्या बाजाराची देखरेख करी. रात्री मशिदीच्या परिसरात काही लोक कॉफी पिताना त्याला दिसले आणि त्याचे माथे भडकले. त्याने उलेमांची सभा भरवली, दोन हकीम उभे करून ‘हे पेय अपायकारक आहे’ अशी साक्ष घेतली. कॉफीची पोती जाळली गेली, विकणाऱ्यांना मार बसला. येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रला जाग राहावी म्हणून जे पेय घेत, ते असे गुनाह ठरले. पुढे कैरोच्या सुलतानाने तो हुकूम सौम्य केला. आज आमच्या शादीच्या दावतीपासून मय्यतीच्या घरापर्यंत चहा-कॉफीवाचून पान हलत नाही. खैर बेग कोणाला आठवतो?

आम्हाला तो आठवला एका झाडामुळे. हे झाड कॉफीच्याच कुळातले. दक्षिण थायलंडात त्याला क्रातोम म्हणतात, मलय भाषेत केतुम. आपल्या रानातला कळंब त्याच्या भाऊबंदांपैकीच. पहाटे रबराच्या मळ्यात चीक काढायला जाणारा मजूर, होडीवरचा मासेमार, उन्हातला शेतकरी त्याची दोन-चार पाने शिरा काढून चघळतो. थकवा, अंगदुखी, जुलाब, खोकला यांवर त्यांची ही घरची दवा. अफू सोडायची असेल तरी लोक याच पानाचा आधार घेत आले. पट्टाणी, याला, नराथिवात या प्रांतांतला मलय मुसलमान हे पान खातो आणि वरच्या प्रांतांतला बौद्ध शेतकरीही खातो. पान कोणाचा धर्म विचारत नाही.

या पानावर थायलंडच्या सरकारने 1943 साली बंदी घातली. का? लोक मरत होते म्हणून? नाही. अफूवर सरकारला कर मिळत होता, क्रातोमवर मिळत नव्हता. परसातल्या फुकटच्या पानामुळे अफूचे उत्पन्न बुडते, ही तक्रार तेव्हा कायदेमंडळातच झाली होती. म्हणजे विष विकणारे सरकार दवेवर बंदी घालत होते! 1979 च्या कायद्याने तर हे पान गांजाच्या पंक्तीत अमली पदार्थ म्हणून नेऊन बसवले. आजोबांनी लावलेले झाड नातवाला गुन्हेगार करू लागले.

या बंदीला विरोध कोणी केला? मोर्चे निघण्याच्या कितीतरी आधी तो गावकऱ्यांनी केला, न बोलता. झाड तोडले तर परसात दुसरे उगवले. मजुराने पान चघळणे सोडले नाही. सुरत थानी प्रांतातल्या नाम फू या गावाने तर झाडांची नोंद ठेवून पानाच्या वापराची स्वतःची नियमावली केली. सरकारला जे उमगत नव्हते ते गावाला उमगले: पान उपटून प्रश्न सुटत नाही, वापराला शिस्त लावावी लागते. अखेर 24 ऑगस्ट 2021 रोजी, 78 वर्षांनी, सरकारने हे पान अमली पदार्थांच्या यादीतून काढले. कैदी सुटले, हजारो खटले निकालात निघाले. 2022 च्या नव्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते विकण्यास मनाई केली. हेच 1943 साली का करता आले नाही? मधल्या तीन पिढ्यांच्या तुरुंगवासाचा हिशेब कोण देणार?

आमच्यातलेच काही सज्जन म्हणतील, ‘नशा ती नशा. हरामची वकिली कशाला?’ त्यांना आम्ही सांगतो, आम्ही नशेची वकिली करत नाही. पान निर्धोक आहे असेही आमचे म्हणणे नाही. रोज फार खाल्ले तर त्याची सवय जडते. दक्षिण थायलंडातली काही मुसलमान तरुण पोरे त्याच्या काढ्यात कोला आणि खोकल्याचे औषध मिसळून पितात, हेही आम्ही लपवत नाही. पण हे मिश्रण बंदी असतानाच फोफावले, हे विसरू नका. बंदीने पोरे वाचली नाहीत. पकडला गेला तो मात्र चार पाने खिशात ठेवणारा म्हातारा. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर बारा तासांची पाळी ज्याने उभ्याने काढली आहे, त्याला विचारा अंग मोडणे म्हणजे काय. ज्याने ती काढली नाही, त्याने दुसऱ्याच्या थकव्यावर फतवे काढू नयेत.

हेच पान पुढे भुकटी होऊन अमेरिकेत गेले. डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनात तो देश बुडाला होता. अनेकांनी त्यातून सुटण्यासाठी या भुकटीचा आसरा घेतला. विस्कॉन्सिन, इंडियाना, आर्कान्सा, अलाबामा या राज्यांनी 2014 ते 2016 या काळात बंदी घातली. ऑगस्ट 2016 मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ खात्याने सगळ्या देशात बंदीचा इरादा जाहीर केला. तेव्हा दुखणाईत, माजी सैनिक, व्यसनातून सावरलेले लोक व्हाइट हाऊससमोर जमले. अर्जावर लाखाहून अधिक सह्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये खात्याने ती नोटीस मागे घेतली. गोऱ्यांच्या देशात जे सहा आठवड्यांत झाले, त्याला रबराच्या मळ्यातल्या मजुरासाठी 78 वर्षे लागली. हा फरक पानाच्या गुणाचा नाही, आवाजाच्या किमतीचा आहे.

अर्थात बाजारही सरकारइतकाच निर्दय. 2018 साली अमेरिकेत या भुकटीतून साल्मोनेला पसरून 199 माणसे आजारी पडली. आता तर त्यातले एकच जहाल द्रव्य वाढवून गोळ्या विकल्या जातात. त्यांना आळा घालाच! कारखान्याची तपासणी करा, वेष्टनावर मात्रा छापा, मुलांच्या हाती पडू देऊ नका. पण व्यापाऱ्याच्या गोळीचा गुन्हा मजुराच्या पानावर लादू नका.

आमची मागणी साधी आहे. कोणत्याही जडीबुटीवर हुकूम काढण्याआधी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांना साक्षीला बोलवा. खैर बेगच्या सभेत उलेमा होते, हकीम होते, अंमलदार होते. कॉफी पिणारा मात्र कोणी विचारात घेतला नव्हता. पाचशे वर्षे झाली, सभा अजून तशीच भरते. त्या सभेत आम्ही कोणाच्या बाजूला बसणार, हे आता आम्हीच ठरवायचे आहे.